ऑटिझम असलेल्या मुलासाठी बालवाडी कशी निवडायची?

मूल अडीच-तीन वर्षांचं झालं की घरात शाळेचा विषय निघतोच. त्याच सुमारास ऑटिझमचं निदान झालं असेल तर या विषयाची धास्ती वाटायला लागते. नातेवाईक म्हणतात, "चार मुलांत गेलं की बोलेल आपोआप." थेरपिस्ट म्हणतात, घाई नको. शाळा म्हणते, बोलायला लागलं की आणा. मी पुण्यात राहते, माझा मुलगा आता प्राथमिक शाळेत जातो, आणि या टप्प्यावरच्या आयांशी माझं नेहमी बोलणं होतं. त्यांना जे सांगते तेच इथे क्रमाने लिहिलं आहे.

शाळा पारखताना इमारत, नाव, बोर्ड या गोष्टी मागे ठेवा. मूल अडलं, बिथरलं, रडायला लागलं, की तिथली मोठी माणसं काय करतात ते बघा. खालच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीचा शोध घेण्यासाठी आहेत.

1. आधी मुलाबद्दल एक पान लिहा

शाळा बघायला निघण्यापूर्वी घरी बसून हे पान तयार करा. निदानाचा अहवाल वेगळा आणि हे पान वेगळं. अहवालात गुण आणि पातळ्या असतात, त्यावरून वर्गातल्या ताईंना सकाळी साडेनऊला काय करायचं ते कळत नाही. या पानावर साध्या मराठीत अशा गोष्टी हव्यात:

- "ऐकण्यापेक्षा बघून लवकर समजतं. चित्र किंवा वस्तू दाखवली तर पटकन कळतं."
- "नको असेल तर हात ढकलतो. पाणी हवं असेल तर आपला हात धरून माठाकडे नेतो."
- "मिक्सर, ड्रिल आणि फुगा फुटण्याचा आवाज सहन होत नाही. कान झाकून घेतो."
- "शू लागली की पाय एकमेकांवर दाबतो, सांगत नाही."
- "खूप रडायला लागला तर जवळ बसा, बोलू नका, पाठीवर हात ठेवून थोडा दाब द्या."
- "झाकणं फिरवायला, पाण्यात खेळायला, गाणी ऐकायला आवडतं."

आवडींची ओळ विसरू नका. ताईंना मुलाशी पहिली ओळख करून घ्यायला तीच उपयोगी पडते.

हे पान लिहिताना मुलाला आज नेमकं काय हवं तेही स्पष्ट होतं. एखाद्याला माणसांची सवय व्हायला हवी असते, एखाद्याला आपलं म्हणणं सांगायचा मार्ग हवा असतो, तर एखाद्याला आईपासून तासभर दूर राहायला शिकायचं असतं. वर्षभरासाठी अशा दोनच गोष्टी ठरवा. अक्षरं आणि आकडे त्यात नसले तरी चालेल.

2. पर्याय कोणते आहेत ते समजून घ्या

*घराजवळची साधी बालवाडी किंवा प्लेग्रुप.* मुलं कमी असतील आणि ताई शांत स्वभावाच्या असतील तर अशी बालवाडी फार चांगली चालते. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामातून आलेली बालवाडीची परंपरा आहे: मातृभाषा, हाताला येणाऱ्या वस्तू, गाणी, माती, पाणी. असं वातावरण अजून टिकवून ठेवलेल्या बालवाड्या शहरांतही सापडतात. पाटीवर रंगीत कार्टून नसतं म्हणून त्या नजरेतून सुटतात, इतकंच.

*माँटेसरी.* मारिया माँटेसरी यांच्या साहित्याची मुळं रोममध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांबरोबर केलेल्या कामात आहेत. त्यामुळे एका वेळी एक काम, ठरलेली जागा, चटईवर स्वतंत्र बसणं हे आपल्या काही मुलांना छान जमतं. पण मूल तेच तेच ठोकळे तासभर रांगेत लावत असेल तर ताई हळूच त्या खेळात शिरतात की "बघा, किती एकाग्र आहे" म्हणून सोडून देतात, हे विचारा. नुसती पाटी लावलेली माँटेसरी आणि प्रशिक्षित ताई असलेली माँटेसरी यांत खूप फरक असतो.

*विशेष शिक्षक असलेली समावेशक बालवाडी.* ऐकायला सगळ्यात चांगला पर्याय. इथे एकच बघायचं: विशेष शिक्षिका वर्गात असतात की वेगळ्या खोलीत? आपलं मूल सगळा वेळ त्या वेगळ्या खोलीतच बसणार असेल तर समावेशक शब्दाला अर्थ उरत नाही.

*लवकर हस्तक्षेप केंद्र*, म्हणजे लहान वयातच थेरपी सुरू करून देणारं केंद्र. मुलाला अजून कुठल्याच गटात बसवत नसेल, स्वतःला लागून घेत असेल किंवा काही सांगायचा मार्गच नसेल, तर आधी असं केंद्र उपयोगी पडतं. पुण्यात प्रसन्न ऑटिझम सेंटर आहे, मुंबईत 2001 पासून उम्मीद चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटर काम करतं, वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेतही केंद्र आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शीघ्र हस्तक्षेप केंद्रं चालतात, त्यांना सगळे डीईआयसी म्हणतात. जिल्हा रुग्णालयात तेच नाव सांगून चौकशी करा.

*अंगणवाडी.* शहरातले पालक तिचा विचारच करत नाहीत, पण गावात बहुतेकदा हाच एक पर्याय असतो. चालत जाण्याचं अंतर, घरचीच भाषा आणि ओळखीच्या सेविका ही तिची मोठी बाजू. दिव्यांग बालकांना अंगणवाडीत कसं सामावून घ्यायचं यासाठी केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2023 मध्ये कार्यपद्धती जाहीर केली आहे. सेविकाताईंशी बोलताना आणि गरज पडली तर पर्यवेक्षिकांना भेटताना तिचा उल्लेख जरूर करा.

यांतले दोन पर्याय एकत्रही चालतात. आठवड्यातून काही दिवस केंद्र आणि बाकीचे दिवस बालवाडी असं अनेक घरं करतात. मात्र सकाळी शाळा, दुपारी स्पीच थेरपी, संध्याकाळी ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) आणि मधे रिक्षातला प्रवास असा दिवस तीन वर्षांच्या मुलाला झेपत नाही. पहिल्या वर्षी दीड-दोन तासांची शाळा पुष्कळ झाली.

3. माध्यम: मराठी की इंग्रजी?

घरी मराठी बोलत असाल तर मराठीच बोलत राहा. "मूल गोंधळेल, घरातही फक्त इंग्रजी बोला" हा सल्ला अजूनही दिला जातो, पण दोन भाषा ऐकल्याने ऑटिझम असलेल्या मुलांची भाषा मागे पडते असं अभ्यासांमध्ये दिसलेलं नाही. घरातल्या आजी-आजोबांशी मुलाचं नातं मात्र अशा सल्ल्याने तुटतं, आणि ते नातं फार मोलाचं आहे. पुढे इंग्रजी शाळेत घालायचं असलं तरी बालवाडी मराठी असायला काहीच हरकत नाही. शाळा कोणत्याही माध्यमाची असो, ताईंना मुलाच्या घरचे पंधरा-वीस शब्द समजायला हवेत: मम, भूर, गाई, शू, बास. ते शब्दही पानावर लिहा.

4. कागदपत्रं आणि तारखा

महाराष्ट्रात नर्सरीसाठी 31 डिसेंबरला 3 वर्षं पूर्ण आणि पहिलीसाठी 6 वर्षं पूर्ण असा हिशेब आहे. शाळा जूनमध्ये सुरू होते, पण शहरांतल्या अनेक खासगी शाळांचे अर्ज दिवाळीच्या आसपासच निघतात. म्हणून शोध पावसाळा संपताना सुरू करा.

एका फाइलमध्ये हे ठेवा:

- जन्माचा दाखला, मुलाचं आणि पालकांचं आधार, राहत्या पत्त्याचा पुरावा, फोटो
- लसीकरणाचं कार्ड
- निदानाचा अहवाल आणि थेरपिस्टचे ताजे अहवाल
- औषधं, अ‍ॅलर्जी आणि झटके येत असतील तर त्याबद्दल डॉक्टरांची चिठ्ठी (झटक्यांची गोष्ट लपवू नका, पहिली पाच मिनिटं कोणी काय करायचं ते लिहून द्या)
- मुलाला घ्यायला कोण कोण येऊ शकतं त्यांची नावं आणि फोटो
- पायरी 1 मधलं पान
- असेल तर दिव्यांगत्व प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (केंद्र सरकारचं दिव्यांग ओळखपत्र)

शेवटच्या मुद्द्यावरून बराच गोंधळ होतो. खासगी बालवाडीत जायला हे प्रमाणपत्र लागत नाही, त्यामुळे त्यासाठी प्रवेश अडवून धरू नका. ते लागतं पुढच्या सवलतींसाठी. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर भरायचा, मग नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी होते. ऑटिझमसाठी तिथे इसा नावाची 40 मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरतात. 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाची नोंद झाली तर शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) 25 टक्के राखीव जागांसाठी दिव्यांग बालक म्हणून अर्ज करता येतो. काही शाळांत हा प्रवेश नर्सरीपासून असतो, काहींत पहिलीपासून. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेतून वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो आणि त्यात थेरपीचा खर्चही येतो. त्यासाठीही प्रमाणपत्र हाताशी लागतं. तपासणीच्या दिवशी मुलासाठी खाऊ, आवडतं खेळणं आणि बरोबर आणखी एक मोठं माणूस न्या, रांगेत बराच वेळ जातो.

5. निदान सांगायचं की लपवायचं?

सांगायचं. तोंडी आणि लेखी, दोन्ही. "सांगितलं तर प्रवेश देणार नाहीत" ही भीती खरी आहे, तसं घडतंही. पण ज्या शाळेला ऑटिझम हा शब्द ऐकूनच दार लावायचं आहे, तिथे मूल लपून राहिलं तरी सुखात राहणार नाही. न सांगितल्यामुळे ताईंना ते हट्टी आणि मस्तीखोर वाटतं, आणि मग शिक्षा सुरू होतात.

कायदा काय म्हणतो तेही माहीत असू द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 16 नुसार सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शैक्षणिक संस्थांनी भेदभाव न करता दिव्यांग मुलांना प्रवेश द्यायचा आहे. त्या कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे. मान्यताप्राप्त शाळेला जोडलेली नर्सरी असेल तर नकार लेखी मागा. राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय पुण्यात आहे, तिथे तक्रार करता येते. गल्लीतल्या स्वतंत्र प्लेग्रुपला मात्र बहुतेकदा अशी मान्यताच नसते, त्यामुळे तिथे कायद्याचा धाक फारसा चालत नाही. तिथे माणसं बघूनच निर्णय घ्यावा लागतो.

6. आधी एकट्याने जाऊन बघा

पहिल्या भेटीला मुलाला नेऊ नका. नेलंत तर सगळं लक्ष त्याच्यावर राहील आणि शाळा बघायची राहून जाईल. शक्यतो मुलं आत येण्याची, डबा खाण्याची किंवा घरी जाण्याची वेळ निवडा. फेरफटका मारून दाखवण्यासाठी ठरवलेल्या वेळी शाळा नेहमीच नीटनेटकी असते. डब्याच्या वेळी ताईंची खरी पद्धत दिसते.

काय बघायचं:

- वर्गात आवाज किती घुमतो? पत्र्याचं छप्पर, गुळगुळीत फरशी आणि स्पीकरवरची गाणी हे तिन्ही एकत्र असेल तर आपल्या मुलांना फार जड जातं.
- एखादं मूल रांगेतून बाहेर पडलं तर ताई काय करतात? लांबून ओरडतात की जवळ जातात?
- दिवसाचा क्रम भिंतीवर चित्रांत लावलेला आहे का? लावलेला असला तर कोणी त्याच्याकडे बोट दाखवतं का, की ती सजावट आहे?
- मुलांना थोडं शांत बसायला एखादा कोपरा आहे का? तो कोपरा शिक्षेसाठी वापरत असतील तर त्याचा उपयोग नाही.
- मावशी मुलांशी कशा बोलतात? शू-शी, डबा, पडणं-रडणं हे सगळं त्यांच्याच हातात असतं. मी तर मुख्याध्यापकांपेक्षा मावशींकडे जास्त वेळ बघा असं सांगेन.

7. हे प्रश्न विचारा

"तुम्ही ऑटिझम असलेली मुलं घेता का?" हा प्रश्न उपयोगाचा नाही, त्याला हो किंवा नाही एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी घडणाऱ्या गोष्टींबद्दल विचारा.

*"मूल जमिनीवर आडवं पडून रडायला लागलं तर तुम्ही काय करता?"* चांगल्या उत्तरात आवाज कमी करणं, बाकीच्या मुलांना बाजूला नेणं, कारण शोधणं असं काही येतं. "आम्ही दुर्लक्ष करतो, मग आपोआप गप्प बसतात" हे उत्तर आलं तर सावध व्हा. आवाज किंवा गर्दी सहन न होऊन कोसळलेलं मूल हट्ट करत नसतं, त्याला मदत हवी असते.

*"मूल बोलत नसेल तर त्याला काय हवंय ते कसं कळेल?"* चित्रकार्डं, खुणा किंवा टॅबवरचं अ‍ॅप वर्गात वापरू देतील का, ते इथेच ठरवून घ्या. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे संवादाचं अ‍ॅप मोफत आहे आणि मराठीतही चालतं. "अशाने बोलायची सवय लागणार नाही" असं शाळा म्हणाली तर थेरपिस्टशी बोलणं करून द्या. चित्रांनी बोलणं थांबत नाही, उलट मुलाची तगमग कमी होते.

*"डबा खाल्ला नाही तर?"* आपली अनेक मुलं ठरावीक दोन-तीन पदार्थच खातात. रोज पोळी-भाजीच हवी, बिस्किट चालणार नाही, असा नियम असेल तर सूट मागा. जबरदस्तीने भरवणार नाही हे स्पष्ट शब्दांत कबूल करून घ्या.

*"गॅदरिंगला अशा मुलांचं काय करता?"* हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न. काही शाळा त्या दिवशी मुलाला घरीच ठेवायला सुचवतात. काही शाळा त्याला दोन मिनिटांची, त्याला जमेल अशी जागा देतात, तालमीच्या वेळी स्पीकरचा आवाज कमी ठेवतात. शाळेला मूल आपलं वाटतं का, ते या उत्तरात ऐकू येतं.

*"विशेष शिक्षिकांची आरसीआय नोंदणी आहे का?"* भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेल्यांना क्रमांक असतो, तो विचारायला संकोच नको. साध्या बालवाडीत असं कोणी नसेल तरी बिघडत नाही. तुमच्या थेरपिस्टना महिन्यातून एकदा वर्गात येऊन बसू देतील का, हे मग जास्त महत्त्वाचं.

*"इथून मुलं पुढे कुठे जातात?"* पहिलीचा प्रश्न आजच सोडवायचा नाही, पण उत्तरातून शाळेचा अनुभव कळतो.

8. फाटक आणि शौचालय

या दोन गोष्टींत तडजोड करू नका.

आपली बरीच मुलं संधी मिळताच निघून जातात, हाक मारली तरी थांबत नाहीत, आणि अनेकांना पाण्याची ओढ असते. त्यामुळे फाटकाची कडी किती उंच आहे, ते शाळेच्या वेळेत बंद असतं का, रस्ता किती जवळ आहे, आवारात उघडी टाकी, हौद किंवा विहीर आहे का, हे स्वतः चालून बघा. सुटण्याच्या वेळी मुलाचा हात पालकाच्या हातात देतात की सगळी मुलं एकदम फाटकाशी सोडतात, तेही बघा.

शौचालयात मुलाला कोण नेतं, ती व्यक्ती ठरलेली आहे का, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का, हे विचारायला लाजू नका. न बोलणारं मूल घरी येऊन काही सांगू शकत नाही. म्हणूनच पालकांना कधीही, न कळवता आत येऊ देणारी शाळा निवडा. "मुलं विचलित होतात" म्हणून दार कायम बंद ठेवणारी शाळा माझ्या यादीतून लगेच बाद होते.

डायपर सुटलेला नाही म्हणून प्रवेश नाकारणं ही खूप ठिकाणी दिसणारी अट आहे. वेळापत्रक लावून, चित्र दाखवून ठरावीक वेळी नेण्याची तयारी दाखवली तर काही शाळा ऐकतात. थेरपिस्टकडून तसं लिहून घेऊन जा.

9. फसवे शब्द

- "सहा महिन्यांत बोलायला लावतो", "आमच्याकडे मुलं पूर्ण बरी होतात." अशी हमी देणाऱ्यांपासून दूर राहा.
- वर्षाची फी एकदम, परत न मिळणारी. आधी तिमाहीपुरती भरायची विनंती करा, आणि मूल रुळलं नाही तर काय परत मिळेल ते लेखी घ्या.
- "शॅडो टीचर तुम्हीच आणा, नाहीतर प्रवेश नाही." शॅडो म्हणजे वर्गात फक्त आपल्या मुलासोबत राहणारी मदतनीस. काही मुलांना तिची खरंच गरज असते. पण तिचा पगार तुम्ही द्यायचा, प्रशिक्षण कोणी द्यायचं नाही, आणि वर्गातल्या ताईंनी मुलाकडे बघायचंच नाही, अशी व्यवस्था बघता बघता तयार होते. मान्य करण्याआधी तीन गोष्टी ठरवा: तिला काम कोण शिकवणार, ताई दिवसातून किती वेळ थेट मुलाबरोबर असणार, आणि शॅडोची मदत हळूहळू कशी कमी करणार.

10. मुलाला घेऊन जा

पसंत पडलेल्या दोनच शाळांत मुलाला न्या. एकाच भेटीवरून ठरवू नका, सलग तीन-चार दिवस अर्धा-पाऊण तास बसू देतील का ते विचारा. पहिल्या दिवशी मूल रडेल, कोपऱ्यात बसेल, पंख्याकडे बघत राहील. त्यावरून शाळा चूक ठरत नाही. त्या वेळी ताई काय करतात ते बघा. तुम्ही दिलेलं पान त्यांनी वाचलंय का? मुलाच्या पातळीवर खाली बसल्या का? तिसऱ्या दिवशी त्याच्या आवडीची वस्तू आठवणीने काढून ठेवली असेल तर मला वाटतं, शाळा सापडली.

11. जूनची तयारी

मे महिन्यात शाळेच्या फाटकाचा, वर्गाचा, ताईंचा आणि शौचालयाचा फोटो काढून छोटं पुस्तक करा आणि रोज दाखवा. शाळेच्या रस्त्याने चार-सहा वेळा फेरी मारा. गणवेश आधीच आणून दोन-तीनदा धुऊन मऊ करा, मानेमागचं लेबल काढा. इलॅस्टिक किंवा कॉलर सहन होत नसेल तर साध्या टी-शर्टची परवानगी घेऊन ठेवा. शाळा आणि पाऊस एकदमच सुरू होतात: रेनकोटचा चिकटा स्पर्श आणि ओले मोजे एवढ्यानेसुद्धा काही मुलांची सकाळ बिघडते. घरात रेनकोट घालून खेळायची सवय करा, दप्तरात कोरडे मोजे ठेवा.

पहिल्या आठवड्यात अर्धा तास, मग हळूहळू वाढवत जा. रोजच्या नोंदीसाठी एक वही ठेवा. ताईंनी तीनच गोष्टी लिहायच्या: काय खाल्लं, शू-शी, आज काय आवडलं. यापेक्षा जास्त मागितलं तर आठवडाभरात वही कोरी यायला लागते.

12. दिवाळीच्या सुट्टीत फेरविचार

पहिले काही आठवडे रडणं अपेक्षित आहे. पण दिवाळीपर्यंत मूल रोज गणवेश बघूनच घाबरत असेल, सुटलेला डायपर परत लागत असेल, झोप मोडत असेल, अंगावर कारण न कळणाऱ्या खुणा दिसत असतील, तर थांबू नका. खुणा दिसल्या तर त्याच दिवशी फोटो काढून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. बाकीच्या बाबतीत आधी ताईंशी आणि थेरपिस्टशी एकत्र बसून बोला. कधी जागा बदलून, कधी वेळ कमी करून, कधी प्रार्थनेच्या घोळक्यानंतर आत सोडून प्रश्न सुटतो. शाळा काहीच बदलायला तयार नसेल तर वर्षाच्या मध्येही मूल काढून घेता येतं. बालवाडीचं वर्ष वाया जात नाही, पहिलीच्या प्रवेशाला त्याची अट नाही.

तेव्हा दुसरी जागा शोधायची वेळ आली तर सर्वांत उपयोगी माहिती तुमच्या थेरपिस्टच्या बाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या पालकांकडे असते. मुंबईत फोरम फॉर ऑटिझम ही पालकांचीच संस्था आहे. कोणत्या भागात कोणत्या ताई चांगल्या आहेत, कुठे नुकताच स्टाफ बदलला, हे अशाच लोकांकडून कळतं. निदान झाल्या झाल्या त्यांना गाठा.